आधी तारा, मग बाकीचं

पहाटे सहा

काकडआरती आटोपून माणसं घाटाच्या पायऱ्या चढून वर यायला लागली की मी दुकानाचं शटर अर्धं उचलतो. गिऱ्हाइकाला अजून अवकाश असतो. हा वेळ काल तारा चढवलेल्या गिटारींचा. नवी तार पहिल्या रात्री थोडी ताणते आणि सूर उतरतो. उलट मार्गशीर्षातल्या गारठ्यात पोलाद आक्रसतं आणि सूर चढतो. त्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची दमट हवा नेकच्या लाकडात शिरते ती वेगळीच. या ओढाताणीत वाद्य शेवटी कुठे थांबलं ते सकाळी कळतं, म्हणून रात्रभर टांगून ठेवल्याशिवाय मी शक्यतो कुणाला गिटार परत देत नाही.

आज खुंटीला दोन आहेत. एक जागच्या जागी आहे. दुसरीच्या वरच्या दोन तारा उतरल्यात, बाकीच्या किंचित चढल्यात. सुरात आणून परत टांगली. आठ वाजता पुन्हा बघू.

सकाळी आठ

शनिवार असल्याने गर्दी आहे. माझ्या एका बाजूला पेढे-बर्फी, दुसऱ्या बाजूला पूजेचं साहित्य. दुकानात डोकावणाऱ्यांतले निम्मे कवठाची बर्फी कुठे चांगली मिळते ते विचारतात. मी सांगतो. उरलेल्यांतले बरेच जण पाटी वाचून हसतात आणि म्हणतात, ‘वाडीत गिटारचं दुकान?’

त्यात हसण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. हा सगळा मुलूखच तारांचा आहे. पंचगंगेचा पूल ओलांडला की कुरुंदवाड. विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 साली तिथे जन्मले. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाने लहानपणी त्यांचे डोळे भाजले, उपचारासाठी ते मिरजेला गेले आणि तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिले. 1901मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तो इतिहास शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतो. मिरज इथून तासाभराच्या आत. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, ते वाद्यांकडे वळले आणि आज मिरजेचा तंबोरा देशभरातले गवई मागवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

मी हात घासला तो मिरजेतच, एका कारखान्यात तंबोऱ्याच्या घोड्या कानशीवर धरून. गिटारी नंतर आल्या. आता तालुक्यातल्या शाळांच्या गॅदरिंगला, चर्चमध्ये, ऑर्केस्ट्रात, इचलकरंजीच्या क्लासमध्ये गिटार आहे. तारा सगळीकडेच गंजतात. मग त्या बदलणारा वाडीत असला तर बिघडलं कुठे?

साडेनऊ

कुरुंदवाडहून बापलेक आले. पोरगी नववीतली. पाठीवर काळी पिशवी, आत ऑनलाइन मागवलेली इलेक्ट्रिक गिटार. आकार स्ट्रॅटोकास्टरचा. लिओ फेंडरने 1954 साली ती बाजारात आणली आणि पुढे सगळ्या जगाने तिचा आकार उचलला. नवशिक्यांच्या दहा गिटारींतल्या सात-आठ याच घाटाच्या असतात.

“काका, सहा महिनं झालं शिकतोय,” पोरगी म्हणाली. “एफ कॉर्ड बसतच न्हाई. बोटं लई दुखत्यात.”

बाप म्हणाला, “दादा, एवढंच सांगा. हिच्या बोटात दम न्हाई, का वाद्यात खोट हाय?”

हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकायला मिळतो की मी उत्तर आधी देत नाही, आधी मोजतो. गिटार सुरात लावली. तारा काढायच्या असल्या तरी मोजमाप सुरात लावूनच घ्यायचं, कारण सैल तारेखालचा नेक खोटं बोलतो. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची तीन मिलिमीटरच्या वर निघाली. दोन असती तरी चाललं असतं. तारा काळवंडलेल्या, खालून बोट फिरवलं तर खरखरीत.

“बोटं चांगली आहेत,” मी म्हटलं. “गिटार अजून लावलेलीच नाही.”

माझं या बाबतीत ठाम मत आहे आणि ते मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक पालकाला ऐकवतो. स्वस्त गिटार वाईट नसते. ती अर्धवट असते. कारखान्यातून निघताना तारा मुद्दाम उंच ठेवतात, म्हणजे कुठल्याही हवेत, कुठल्याही गावात खोका उघडला तरी तार फ्रेटला घासणार नाही. शेवटचा हात फिरवायचं काम दुकानदाराचं. पूर्वी तो ते करायचा. आता खोका थेट घरी येतो आणि ते काम कुणाचंच राहत नाही. पोर दोन महिने बोटं सोलून घेतं, मग गिटार कपाटावर जाते आणि घरात ठरतं की आपल्या पोराला संगीत जमत नाही.

“संध्याकाळी साडेपाचला या,” मी सांगितलं. “आणि पोरी, तू जरा लवकर ये. एक तार तू चढवायची.”

एरवी मी रात्रभर ठेवून घेतो. पण हिचा उद्या सकाळी क्लास आहे आणि गाव पुलापलीकडे. काही हललं तर सोमवारी शाळा सुटल्यावर येईल.

सकाळी दहा

तारांपासून सुरुवात. व्हिडिओ बघून घरी प्रयोग करणारे सगळे ट्रस रॉडपासून सुरुवात करतात, कारण त्यात अवजार आहे आणि गूढ आहे. मी आलेल्याला पहिलं हेच सांगतो की आधी तारा. जुन्या तारेवर केलेलं कुठलंही माप नव्या तारेवर टिकत नाही. घामाने, गंजाने जुन्या तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, फ्रेटखाली तिला चपटे डाग पडतात, आणि मग बाराव्या फ्रेटवरचा सूर काही केल्या जुळत नाही. माणूस ब्रिजवरचे स्क्रू फिरवत बसतो. दोष असतो पाचशे रुपयांच्या पाकिटात.

आधी सहाही तारा पूर्ण सैल केल्या आणि मगच कटरने कापल्या. ताणलेली तार कापली तर तिचं टोक डोळ्याकडे येतं. नऊच्या सेटच्या सहा तारांचा मिळून ताण चाळीस किलोच्या आसपास असतो, दहाच्या सेटचा पंचेचाळीसच्या पुढे. नऊचा सेट म्हणजे सगळ्यांत बारीक तार 0.009 इंचाची, मिलिमीटरमध्ये 0.23. सगळ्यांत जाड 0.042 इंच. दहाच्या सेटमध्ये हेच आकडे 0.010 आणि 0.046. ऐकायला फरक नगण्य, हाताला मात्र लगेच कळतो.

हिच्या गिटारवर नऊचाच होता, म्हणून नऊचाच घातला. पहिल्या सेटअपला तारांची जाडी बदलू नये. जाडी बदलली की नेकचा बाक, ब्रिजचा तोल, नटच्या, म्हणजे डोक्याजवळच्या पट्टीच्या, खाचा, सगळंच एकदम हलतं आणि कशामुळे काय झालं ते शिकणाऱ्याला कळत नाही. ‘अमका मोठा वादक अकराचा सेट वापरतो’ असं ऐकून येणारी पोरं असतात. वापरू दे त्याला.

तारा निघाल्यावर गिटार उघडी पडते, तेवढ्यात साफसफाई. फ्रेटांच्या कडेला साठलेली काळी मळी जुन्या टूथब्रशने काढली. फिंगरबोर्ड गडद लाकडाचा, लॅकर नसलेला, म्हणून कापडावर लेमन ऑइलचे दोन थेंब. मेपलच्या पिवळ्या, चकचकीत बोर्डला तेल लावू नका, तिथे ओलसर कापड पुरतं. खुंट्यांचे स्क्रू आवळले. नटच्या खाचांत पेन्सिलीचं टोक फिरवलं. त्या शिशाने तार खाचेत सरकते, अडकत नाही. सूर लावताना ‘टिक्’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर खुंटीला शिव्या देऊ नका, अडचण नटमध्ये असते.

मग नवी तार. पितळी बॉल मागच्या प्लेटच्या भोकात, तार ब्रिजच्या लोखंडी ठोकळ्यातून वर, सॅडलवरून, नटच्या खाचेतून खुंटीकडे. इथेच नवशिके फसतात. कुणी तार ताठ ओढून बांधतो, मग जेमतेम एक वेढा बसतो आणि तार घसरते. कुणी हातभर ढील ठेवतो, मग सात-आठ वेढे एकमेकांवर चढतात आणि ते आठवडाभर आवळत राहतात. माझा अंदाज साधा आहे. आपल्या खुंटीच्या पुढे दीड खुंटीइतकी तार मोजायची, तेवढी ढील ठेवायची, टोक खुंटीच्या भोकातून काढून दुमडायचं. जाड तारेला दोन-तीन वेढे, बारकीला तीन-चार. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली जायला हवा, म्हणजे तार नटवर दाबून बसते. सहा खुंट्या एका रांगेत असलेल्या या डोक्यावर तार खुंटीच्या आतल्या बाजूने जाते. बारीक तारा डोक्यावरच्या छोट्या पत्र्याच्या चिमट्याखालून न्यायला विसरायचं नाही.

पाच तारा चढवल्या. सहावी, सगळ्यांत बारीक, तात्पुरती कशीबशी लावली. ती पोरीची.

साडेअकरा

आता थांबायचं. तार बोटाने बाराव्या फ्रेटजवळ हलकेच वर ओढायची, सूर उतरतो, परत लावायचा, परत ओढायची. उतरायची थांबेपर्यंत हेच. एक तार सुरात आली की आधी लावलेल्या पाच थोड्या उतरतात, कारण मागे स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज पुढे कलतो. म्हणून दोन-तीन फेऱ्या. जाड तारेपासून E, A, D, G, B, E. A म्हणजे 110 हर्ट्‌झ. क्लिपवाला ट्यूनर डोक्याला लावला की तो आकडे दाखवतो, कान न लागलेल्यालाही जमतं.

बाहेर महापूजेची घाई सुरू झाली आहे. नैवेद्याची ताटं चालली आहेत. एका बाईंनी गिटारकडे बघून विचारलं, “हे देवापुढं वाजवत्यात व्हय?” अजून तरी नाही, म्हटलं.

दुपारी बारा

सेटअप म्हणजे चार मापं, आणि त्यांचा क्रम मोडायचा नाही. नेकचा बाक, तारांची उंची, बाराव्या फ्रेटचा सूर, पिकअपची उंची. पुढचं माप मागच्यावर उभं असतं. उंची आधी ठरवली आणि मग नेक हलवला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

नेक अगदी सरळ नको. तार हलताना मधोमध जास्त हलते, तिला तेवढी जागा हवी. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला, जाड तार सतराव्या फ्रेटवर दाबली, म्हणजे ती तारच फूटपट्टी झाली. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फट किती ते बघायचं. पाव मिलिमीटर पुरे. त्यासाठी मी जयसिंगपूरच्या गॅरेजवाल्यांकडे असतं तेच फिलर गेज वापरतो. गिटारसाठी म्हणून मिळणारी अवजारं चौपट दराने विकत घेण्यात शहाणपण नाही. पत्ती ती पत्तीच.

हिच्या नेकला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बाक. ट्रस रॉड ही नेकच्या पोटातली लोखंडी सळई. ती तारांच्या ओढीला उलट ओढ देते. गिब्सनने 1920च्या दशकात ती आणली आणि गिटारचा नेक बारीक करता आला. घड्याळाच्या दिशेने आवळली की नेक सरळ होतो, उलट फिरवली की बाक वाढतो. नेमक्या मापाचीच ॲलन-की घालायची. किंचित लहान की घालून जोर केला तर आतली षटकोनी खाच गोल होते आणि मग दोनशे रुपयांचं काम दोन हजारांवर जातं. एका वेळी पाव फेरा, त्यापेक्षा जास्त नाही. पाव फेरा दिला, सूर परत लावला, दहा मिनिटं दुसरं काम केलं, परत मोजलं. अजून थोडा दिला. बसला.

पुष्कळ लोक तारांची उंची कमी करायला ट्रस रॉड आवळतात. उंची थोडी कमी होतेही, म्हणून त्यांना वाटतं जमलं. मग पहिल्या काही फ्रेटांवर तार फरफर करायला लागते आणि गिटार माझ्याकडे येते. उंचीची जागा ब्रिजवर आहे. प्रत्येक सॅडलला दोन बारीक स्क्रू असतात, ते सारखे फिरवून सॅडल खाली-वर करायचं. फिंगरबोर्डला गोलाई आहे, सहाही तारांनी तीच गोलाई धरायची. मी बाराव्या फ्रेटवर जाड तार दोन मिलिमीटरला आणि बारीक दीडच्या जरा वर आणली. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहिली. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरी वाट नाही.

आणि तरीही एफ कॉर्ड जड लागत होता.

याचं कारण ब्रिजवर नसतं, दुसऱ्या टोकाला असतं. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पहिल्या फ्रेटवर बघायचं. तिथे कागदाइतकी फट असावी. इथे फट उघड दिसत होती. नटच्या खाचा पुरेशा खोल नव्हत्या, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागत होता. शिवाय एवढी खाली दाबली की तार ताणून सूरही चढतो, म्हणून हिचे साधे कॉर्डही बेसूर वाटत असणार. बारीक कानशीने एकेक खाच खाली नेली. कानस डोक्याच्या बाजूला किंचित उतरती धरायची, तार नटच्या पुढच्या कडेवरूनच सुटली पाहिजे. हे काम मात्र घरी करू नका. बाकी सगळं चुकलं तर उलट फिरवता येतं. नट जास्त खोल गेला की नवीनच बसवावा लागतो.

दुपारी एक

बाराव्या फ्रेटचा सूर, ज्याला सगळे इंटोनेशन म्हणतात. तार मोकळी छेडून बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवलं की वरचा षड्ज मिळतो. तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवली की तोच सूर यायला हवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं, उतरलेला असेल तर नटच्या दिशेने पुढे. स्क्रू फिरवायचा, मोकळी तार परत सुरात लावायची, परत तपासायचं. शेवटी सहा सॅडल तिरक्या रांगेत बसतात. जाड तारांचे मागे, बारक्यांचे पुढे. जाड तार ताठ असते, दाबल्यावर जास्त चढते, तिला जास्त लांबी द्यावी लागते.

सतारवाल्याला हा उपद्व्याप विचित्र वाटेल. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर चुकला की पडदाच सरकवला. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले. ते हलत नाहीत म्हणून तारेची लांबी हलवायची. आणि एवढं सगळं करूनही तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला गिटारचा गंधार चढाच लागतो. तो चढाच आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्श्याने वर बसतो. त्यावर कुठलाही स्क्रू नाही. गायनाच्या क्लासमधून गिटारकडे आलेली पोरं B तार कानाने उतरवत बसतात, मग एक कॉर्ड गोड होतो आणि दुसरा बिघडतो.

पिकअपची उंची शेवटी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअप यांत जाड बाजूला अडीच, बारीक बाजूला दोन मिलिमीटर. आवाज मोठा यावा म्हणून पिकअप वर उचलून ठेवणारे असतात. त्यातला लोहचुंबक मग तारेलाच ओढतो आणि सूर थरथरतो. माणूस समजतो इंटोनेशन गेलं.

दुपारी तीन

जेवण, वांग्याची भाजी-भाकरी, थोडी आडवी पाठ. उठतोय तोच नांदणीच्या हळदीला जाणारा बेंजोवाला आला. टाइपरायटरसारख्या बटणांचा, पिकअप बसवलेला बेंजो आमच्या भागात प्रत्येक वरातीत असतो. गिटारपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी तो ऐकला आहे, पण त्याच्यावर कुणी लिहीत नाही.

“मामा, एक तार तुटली. पाचला गाडी निघती.”

त्याला साधी पोलादी तार लागते, गिटारच्या पहिल्या तारेसारखी. सगळ्या बदलू या म्हटलं. त्याला घाई. एकच बदलली. नवी तार जुन्यांत एकटीच चमकत होती आणि आवाजालाही वेगळी लागत होती. त्याला ते कळलं. “वाजंल की,” म्हणाला आणि गेला. हळदीत वाजतंय सगळं.

दुपारी चार

शिरोळच्या एका गायनाच्या क्लासचा तंबोरा आठवडाभर कोपऱ्यात आहे. तक्रार एकच: आवाज मेला. खोड मोठी नाही. घोडीच्या माथ्यावर तारेने चर पाडलेत, त्यामुळे तार माथ्यावरून हळूहळू सुटायच्या ऐवजी एकदम सुटते. जव्हारी गेली.

सकाळी गिटारमधून जी झणझण काढायला मी चार तास घातले, तीच या वाद्यात घालायची आहे. गिटारची तार सॅडलच्या एका धारदार कडेवरून सुटली पाहिजे आणि पुढे कशालाच शिवता कामा नये. तंबोऱ्याची तार घोडीच्या रुंद, किंचित गोल माथ्यावर सतत टेकत-सुटत राहिली पाहिजे. त्यातून वरचे स्वर उमलतात आणि मधे सुताचा दोरा घालून तो बिंदू नेमका पकडतात. कानस तीच, हात तोच, हेतू उलटा. मिरजेत शिकताना मला कुणी गिटार दाखवली नव्हती, पण तार ब्रिजवरून कुठे सुटते इकडे बघायची सवय तिथे लागली. आजही गिटार फरफरली की मी आधी तिथेच बघतो.

हलके हात मारून जोडीच्या तारा बोलत्या केल्या. पंचम अजून कोरडा. खर्जाची पितळी तार बदलायला हवी. तो पुढच्या आठवड्यात मिरजेला न्यावा हे बरं. जव्हारीचं पक्कं काम करणारे हात तिथे आहेत, आणि दोन दिवस त्यासाठी द्यावे लागतात.

याच तंबोऱ्याचा भाऊबंद 2019च्या पुरात गेला. ऑगस्टमध्ये शिरोळ तालुका पाण्याखाली होता, वाडीत तर विचारूच नका. पाणी ओसरल्यावर वाद्यं यायला लागली. भोपळे फुगून फाटलेले, गिटारींचे नेक सांध्यातून सुटलेले, ट्रस रॉडचे नट गंजून घट्ट. आलेल्यांतले बरेच जण पहिलं विचारायचे की अँपला लावून बघू का. ओलं सर्किट विजेला जोडू नका, एवढं तरी लक्षात ठेवा. लाकूड सावलीत महिनाभर वाळू द्या, मग बघू. तेव्हापासून मी दुकानात कामाचं टेबल भिंतीला टेकवत नाही आणि कुणाचंही वाद्य जमिनीवर ठेवत नाही.

साडेपाच

पोरगी बापाच्या आधी आली. तिच्या हाती तार दिली. जुनी सैल करून कापली, मागून बॉल घातला, सॅडलवरून नटकडे आणली. ढील ठेवताना घाबरून जास्तच ठेवली. “दीड खुंटी,” मी म्हटलं. तिने बोटाने मोजली. फिरवताना मान मागे आणि डोळे बारीक. पहिली तार चढवताना सगळेच असं करतात. वेढे खाली-खाली बसले. सुरात यायला वेळ लागला, तीनदा पुढे गेली, परत मागे. पुढे गेल्यावर खाली आणून पुन्हा वर चढवायची, उतरवत उतरवत सूर लावायचा नाही, एवढं सांगितलं. वर चढवत लावलेला सूर टिकतो, खुंटीच्या दातऱ्यांतली ढील निघून जाते. तिची तार बसल्यावर त्या एका तारेची उंची आणि बारावा फ्रेट मी पुन्हा तपासला.

मग एफ. पहिल्या फटक्यात बसला नाही. दुसऱ्यांदा पाच तारा वाजल्या, एक मुकी. बाप तेवढ्यात आला, त्याने मुकी तार ऐकलीच नाही.

“म्हंजे खोट वाद्यात हुती,” तो म्हणाला.

“खोट नव्हती. राहून गेलेलं काम होतं.”

वाजवून झालं की तारा कोरड्या कापडाने पुसायच्या. गिटार उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवायची नाही. रोज वाजवत असेल तर दोन-तीन महिन्यांनी तारा बदलायच्या, आवाज बसका झाला किंवा बोटाला खरखर लागली तर त्याआधी. बाकीची मापं वर्षातून दोनदा बघितली तरी पुरे, एकदा आषाढात पाऊस लागल्यावर आणि एकदा थंडी पडल्यावर. पैसे घेतले ते तारांचे आणि निम्म्या दिवसाचे. बापाने आकडा कमी करून मागितला. मी केला नाही. जुन्या तारा तुकडे करून डब्यात टाकल्या. उघड्यावर टाकल्या तर वाडीतल्या गाई कागदाबरोबर गिळतात.

रात्री साडेआठ

धूपारती होऊन पालखीची तयारी चालू असताना इचलकरंजीच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला आला. दत्तजयंतीला वाडीत गर्दी, त्यालाही कार्यक्रम. गिटार मोठ्या तरंगत्या ब्रिजची. त्याने नऊचा सेट काढून दहाचा घातला, तोही सगळ्या तारा एकदम उतरवून, आणि आता ब्रिज पुढच्या बाजूने उभा राहिलाय, तारा बोटभर वर, सूर कुठेच थांबत नाही.

असला ब्रिज तराजू आहे. एका पारड्यात तारा, दुसऱ्यात पाठीमागच्या स्प्रिंगा. तारांचं वजन वाढवलं की मागचे दोन स्क्रू आवळून स्प्रिंगांचंही वाढवायला लागतं, ब्रिज लाकडाला समांतर येईपर्यंत, आणि प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर सहाही तारा परत सुरात. तासाभराचं काम, तेही गडबड नसताना. आणि अशा गिटारच्या तारा बदलायच्या तर एकेक करून, किंवा ब्रिजखाली लाकडाचा तुकडा सरकवून.

“आत्ताच्या आत्ता करून देता का काका? उद्या सकाळी प्रॅक्टिस हाय.”

“उद्या मी मिरजेला आहे. दुसरी गिटार घे उद्यापुरती, ही सोमवारी देतो.”

“नऊच परत घालू का मग?”

“तू काही घालू नकोस. तारा तेवढ्या सैल कर आणि ठेवून जा. आणि काढलेल्या सेटचं पाकीट असलं तर सोमवारी घेऊन ये. नऊ-बेचाळीस होता का नऊ-सेहेचाळीस, ते मला कळलं पाहिजे.”